सातबाराची तारीख होऊ नये म्हणून : संगणकीय तक्त्यातील मजकुराची विभागणी

संगणकावर एक्सेलसारखी स्प्रेडशीट उघडावी, एखाद्या कोऱ्या सेलमध्ये इंग्रजी अंकांत ७/१२ असे टंकित करावे आणि एंटरची कळ दाबावी. क्षणार्धात त्या ठिकाणी ‘७ डिसेंबर’ असे दिसू लागते. यंत्राची मांडणी अमेरिकी पद्धतीची असेल, तर ‘१२ जुलै’ दिसते. महाराष्ट्रातील प्रत्येक शेतकऱ्याच्या जिव्हाळ्याचा जो उतारा, गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा यांच्या जोडीतून ज्याला नाव मिळाले, त्याची अशी तारीख होऊन बसते. ही केवळ गमतीची गोष्ट असती, तर तिची दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु गावोगावच्या याद्या, लाभार्थींचे तक्ते, पत्ते, खाते क्रमांक हे सारे आज याच तक्त्यांतून एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयाकडे जात असते. एका सेलमध्ये एकत्र बांधलेला मजकूर सोडवून त्याचे घटक निरनिराळ्या रकान्यांत मांडणे, हे अशा कामातील नित्याचे आणि वरवर क्षुल्लक वाटणारे काम आहे. ते चुकले, तर एका शेतकऱ्याचा हिस्सा दुसऱ्याच्या नावापुढे जाऊन बसू शकतो.

गट क्रमांकाचेच उदाहरण घ्यावे. ‘१४५/२/अ’ या नोंदीत तीन गोष्टी आहेत : मूळ गट १४५, त्याचा हिस्सा २ आणि त्याचा पोटहिस्सा अ. मधली तिरपी रेघ हे विभाजक चिन्ह होय. माणूस ही नोंद वाचताना तिचे तीन भाग आपोआप करतो. यंत्राला मात्र ती सात चिन्हांची एक सलग माळ दिसते : तीन अंक, रेघ, एक अंक, पुन्हा रेघ आणि एक अक्षर. तिच्यातील रेघेला काही अर्थ आहे, हे त्याला सूत्र लिहून सांगावे लागते.

स्प्रेडशीटची ही कल्पना १९७९ साली प्रत्यक्षात आली. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन या दोघांनी ॲपल-२ या छोट्या संगणकासाठी ‘व्हिजिकॅल्क’ तयार केले. १९८३ मध्ये ‘लोटस १-२-३’ आणि १९८५ मध्ये ‘एक्सेल’ आले. ही साधने मुळात आकडेमोडीसाठी घडविली गेली होती. हिशेबनिसाच्या वहीत जे आकडे असतात, ते आपोआप बदलावेत, एवढीच प्रारंभीची अपेक्षा होती. नावे आणि पत्ते हे पाहुणे नंतर आले आणि मुक्कामालाच राहिले. आकड्यांना प्राधान्य देण्याचा हा मूळ स्वभाव अजूनही गेलेला नाही. ७/१२ ची तारीख होते, ती त्यापायीच.

जुनी वाट : डावे, मधले, उजवे

मजकूर तोडण्याची सर्वांत जुनी रीत तीन सूत्रांवर उभी आहे. ‘लेफ्ट’ हे सूत्र डावीकडून सांगितलेली चिन्हे देते, ‘राइट’ उजवीकडून देते आणि ‘मिड’ मधली देते. चौथे ‘फाइंड’ हे सूत्र विवक्षित चिन्ह कितव्या स्थानावर आहे, ते शोधून काढते. (येथे सूत्रांची नावे देवनागरीत दिली आहेत, यंत्रावर ती रोमन लिपीतच टंकित करावयाची असतात.)

समजा, ए२ या सेलमध्ये ‘१४५/२/अ’ ही नोंद आहे. पहिली रेघ चौथ्या स्थानावर आहे. म्हणून ‘फाइंड("/", ए२)’ याचे उत्तर ४ येते. गट क्रमांक हवा असेल, तर रेघेच्या आधीची चिन्हे, म्हणजे चारांतून एक वजा करून तीन चिन्हे, डावीकडून घ्यावयाची :

=लेफ्ट(ए२, फाइंड("/", ए२)-१)

उत्तर १४५. हे एक वजा करणे नवशिक्याकडून हमखास राहून जाते आणि मग गट क्रमांकाला रेघेचे शेपूट चिकटून येते.

दुसरी रेघ शोधताना यंत्राला पहिल्या रेघेच्या पुढून पाहावयास सांगावे लागते. अन्यथा ते पुन्हा पहिल्याच रेघेवर येऊन थांबते. पाचव्या स्थानापासून शोध सुरू केला, की दुसरी रेघ सहाव्या स्थानावर सापडते. पाचव्या स्थानापासून, सहा वजा चार वजा एक, म्हणजे एक चिन्ह ‘मिड’ने घेतले, की हिस्सा २ हाती येतो. एकूण लांबी ‘लेन’ या सूत्राने मोजता येते. ती सात भरते. सातांतून सहा गेले, की उरलेले एक चिन्ह उजवीकडून घ्यावे. तो पोटहिस्सा अ.

ही रीत समजावयास सोपी आहे. परंतु सर्व नोंदी एका साच्याच्या असतील, तोवरच ती चालते. पुढच्याच ओळीत पोटहिस्सा नसलेला ‘१४६/३’ आला, की दुसरी रेघ सापडत नाही आणि सेलमध्ये त्रुटीचा संदेश उमटतो. त्याच्या खालच्या ओळीत नुसता ‘१४७’ असेल, तर पहिलेच सूत्र कोलमडते. यावर अनुभवी कर्मचारी एक साधी युक्ती योजतात. शोध घेण्यापूर्वी नोंदीच्या शेवटी एक जादा रेघ सूत्रातच जोडावयाची : फाइंड("/", ए२&"/"). मूळ नोंद जशीच्या तशी राहते आणि यंत्राला रेघ हटकून सापडते. एक्सेलच्या २००७ च्या आवृत्तीपासून ‘इफएरर’ हे सूत्र मिळाले. त्याच्या साह्याने त्रुटीच्या जागी रिकामी जागा दाखविता येते. मात्र या सूत्राचा सढळ वापर करणे धोक्याचे आहे. त्रुटी झाकली जाते. ती दुरुस्त होत नाही.

शंभर रिकाम्या जागांची युक्ती

तीनऐवजी पाच-सहा भाग असतील, तर वरील सूत्रे एकात एक गुंतून इतकी लांबतात, की लिहिणाऱ्यालाही ती दुसऱ्या दिवशी उमगत नाहीत. या अडचणीतून एक चतुर सूत्र पुढे आले. ते अनेक वर्षे जगभरच्या कार्यालयांत वापरले गेले आहे आणि ज्या संगणकांवर जुन्या आवृत्त्या आहेत, तेथे आजही ते उपयोगी पडते :

=ट्रिम(मिड(सब्स्टिट्यूट(ए२, "/", रेप्ट(" ", १००)), (क-१)*१००+१, १००))

येथे ‘क’ म्हणजे कितवा भाग हवा, तो आकडा. सूत्र दिसावयास अवघड असले, तरी त्यामागील विचार अगदी घरगुती आहे. पापड वाळत घालताना ते एकमेकांस चिकटू नयेत, म्हणून त्यांच्यामध्ये भरपूर अंतर सोडतात. येथेही तेच केले आहे. ‘सब्स्टिट्यूट’ प्रत्येक रेघ काढून तिच्या जागी शंभर रिकाम्या जागा पसरते. आता भाग इतके दूरदूर गेले, की पहिली शंभर स्थाने कापली तर त्यांत पहिलाच भाग येणार, एकशे एक ते दोनशे या स्थानांत दुसराच येणार. प्रत्येक तुकड्याच्या मागेपुढे रिकाम्या जागा येतात. त्या ‘ट्रिम’ हे सूत्र झटकून टाकते. तिसरा भाग नसेल, तर त्रुटी न येता सेल रिकामा राहतो, हा आणखी एक लाभ.

मर्यादा एवढीच, की शंभर हा आकडा मूळ नोंदीच्या एकूण लांबीपेक्षा मोठा असावा लागतो. गट क्रमांकाला शंभर पुष्कळ झाले. लांबलचक पत्त्याला तीनशे किंवा पाचशे घ्यावेत. शेवटचाच भाग हवा असेल, तर ‘मिड’ऐवजी ‘राइट’ वापरून उजवीकडची शंभर चिन्हे घेतली, की काम भागते.

याच ‘सब्स्टिट्यूट’चा दुसरा उपयोग अधिक मोलाचा आहे. नोंदीची लांबी मोजावी, मग सर्व रेघा काढून पुन्हा लांबी मोजावी. दोहोंतील फरक म्हणजे रेघांची संख्या. ‘१४५/२/अ’मध्ये सातांतून पाच वजा होऊन दोन उरतात, म्हणजे भाग तीन. विभागणीस हात घालण्यापूर्वी प्रत्येक ओळीपुढे ही संख्या काढून ठेवली, तर कोणत्या नोंदी साच्यात बसत नाहीत, ते एका नजरेत कळते.

नवी सूत्रे आणि त्यांचे स्वभाव

एक्सेलमध्ये २०२२ साली ‘टेक्स्टस्प्लिट’, ‘टेक्स्टबिफोर’ आणि ‘टेक्स्टआफ्टर’ ही तीन सूत्रे दाखल झाली. आता ‘=टेक्स्टस्प्लिट(ए२, "/")’ एवढे लिहिले, की सारे भाग शेजारच्या सेलमध्ये आपोआप पसरतात. शेजारी आधीच काही लिहिलेले असेल, तर सूत्र ते पुसत नाही. जागा नसल्याचा संदेश देऊन थांबते. गूगल शीट्समध्ये हेच काम ‘स्प्लिट’ करते.

दोन्ही सूत्रे एकच काम करीत असल्यासारखी वाटली, तरी त्यांच्या स्वभावांत महत्त्वाचा भेद आहे. लागोपाठ दोन विभाजक चिन्हे आली, म्हणजे मधला भाग रिकामा असला, तर टेक्स्टस्प्लिट त्या रिकाम्या भागासाठी एक सेल मोकळा ठेवते. गूगलचे स्प्लिट मात्र, वेगळे सांगितले नाही तर, तो रिकामा भाग गाळून टाकते. पत्त्याच्या यादीत ‘वाडी, गाव, तालुका, जिल्हा’ असा क्रम असेल आणि एखाद्याच्या बाबतीत वाडी नसल्याने तेथे नुसता स्वल्पविराम दिला असेल, तर गाव वाडीच्या रकान्यात, तालुका गावाच्या रकान्यात आणि जिल्हा तालुक्याच्या रकान्यात सरकतो. त्रुटीचा संदेश येत नाही. यादी नीटनेटकी दिसते. तालुकावार संख्या काढावयास घेतली, की ही ओळ कोणत्याच तालुक्यात मोजली जात नाही.

आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. विभाजक म्हणून एकाहून अधिक चिन्हे दिली, तर गूगलचे स्प्लिट त्यांतील प्रत्येक चिन्ह स्वतंत्र विभाजक मानते. स्वल्पविराम आणि त्यापुढील मोकळी जागा असे दोन्ही मिळून दिले, तर ‘कोल्हापूर रोड’चेही दोन तुकडे होतात. तसेच तुटलेला भाग आकड्यासारखा दिसला, की ते त्याचा आकडा करते आणि ‘००७’चे ७ होते. टेक्स्टस्प्लिटचे उत्तर मजकूर म्हणूनच राहते, त्यामुळे शून्ये सुरक्षित राहतात.

सूत्राविनाही विभागणी करता येते. एक्सेलच्या डेटा या विभागात ‘टेक्स्ट टू कॉलम्स’ ही सोय आहे. तिच्यात शेवटच्या पायरीवर प्रत्येक रकाना मजकूर म्हणून घोषित करता येतो, हा तिचा मोठा गुण. परंतु ती एकदाच काम करते. मूळ नोंद नंतर बदलली, तर तुटलेले भाग बदलत नाहीत. दरमहा नवी यादी येत असेल, तर सूत्रच बरे.

मराठी पत्ता आणि मराठी नाव

विभाजक चिन्ह म्हणजे स्वल्पविराम किंवा रेघच असली पाहिजे, असे नाही. मराठी पत्त्यात विभाजक आधीपासून अंगभूत आहेत : ‘मु. पो.’, ‘ता.’ आणि ‘जि.’. ‘मु. पो. लिंब, ता. सातारा, जि. सातारा’ या पत्त्यातून जिल्हा काढावयाचा, तर ‘जि.’च्या पुढचा मजकूर घेतला, की झाले. ‘टेक्स्टआफ्टर(ए२, "जि.")’ हे ते काम करते. तालुक्यासाठी ‘ता.’ आणि ‘जि.’ यांच्या मधला मजकूर घेऊन त्यातील स्वल्पविराम आणि मोकळ्या जागा काढून टाकाव्यात.

येथे बिंदूला फार महत्त्व आहे. बिंदू वगळून नुसता ‘ता’ शोधला आणि पत्त्यात ‘ता.’च्या आधी एखाद्या गावाच्या नावात ते अक्षर असले, तर सूत्र तेथेच थांबते. पहिला सापडेल तो खरा, एवढेच त्याला ठाऊक. शिवाय लोक ‘ता:’ लिहितात, ‘तालुका’ असे पूर्ण लिहितात आणि तालुका व जिल्हा यांचे नाव एकच असले, तर ‘ता. जि. सातारा’ असेही लिहितात. या शेवटच्या प्रकारात ‘ता.’ आणि ‘जि.’ यांच्यामध्ये काहीच नसते. सूत्र प्रामाणिकपणे तालुक्याचा रकाना रिकामा ठेवते. लिहिणाऱ्याची यात काही चूक नाही. पोस्टमनला पत्ता पुरेसा समजतो. तेव्हा अशा रिकाम्या सेलमध्ये जिल्ह्याचेच नाव घालण्याची तरतूद सूत्रात करून ठेवावी.

नावाची गोष्ट याहून नाजूक आहे. आडनाव, नाव आणि वडिलांचे किंवा पतीचे नाव असे तीन शब्द मोकळ्या जागेने तोडावेत, असे सहज मनात येते. परंतु नावातील मोकळी जागा हे खरे विभाजक चिन्ह नव्हेच. ‘दत्ता राम’ असे तुटक लिहिणारे आहेत आणि ‘दत्ताराम’ असे जोडून लिहिणारेही आहेत; जोडआडनावे कोणी आडव्या रेघेने लिहितो, कोणी जागा सोडून. त्यातच राज्य शासनाच्या निर्णयानुसार १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या बालकाचे नाव शासकीय दस्तऐवजांत बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव या क्रमाने नोंदविले जाते. तीन शब्दांसाठी लिहिलेले सूत्र अशा नोंदीवर चालविले, तर आईचे नाव वडिलांच्या रकान्यात जाऊन बसेल. ज्या निर्णयामुळे आईचे नाव कागदावर आले, त्याचा हेतूच एका सूत्रामुळे तक्त्यात हरवावा, ही दुर्दैवाची गोष्ट ठरेल. नावाचे भाग हवे असतील, तर ते अर्ज भरून घेतानाच स्वतंत्र रकान्यांत घ्यावेत. मागाहून तोडण्याचा उपाय कधीही दुय्यमच.

देवनागरी मजकुराच्या बाबतीत आणखी एक मुद्दा आहे. संगणक ‘श्री’ हे एक अक्षर मानीत नाही. त्याच्या लेखी ती श, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी अशी चार चिन्हे होत. ‘श्रीरामपूर’मधील डावीकडची दोन चिन्हे मागितली, तर पाय मोडलेला ‘श्’ मिळतो. म्हणून मराठी मजकूर चिन्हे मोजून कधी तोडू नये. विभाजक चिन्हापाशी तोडला, तर जोडाक्षराच्या मध्यावर घाव पडत नाही.

मोजून तोडण्याचे क्षेत्र वेगळे आहे. बँकेचा आयएफएससी संकेतांक अकरा चिन्हांचा असतो : पहिली चार बँकेची, पाचवे शून्य, शेवटची सहा शाखेची. तेथे विभाजकाची गरज नाही, कारण लांबी ठरलेली आहे. १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झालेला टपालाचा पिन कोडही सहा अंकी असल्याने पत्त्याच्या अखेरीस तो लिहिलेला असेल, तर उजवीकडची सहा चिन्हे घेतली, की मिळतो. मात्र कोणी ‘४११ ००१’ असे मध्ये जागा सोडून लिहिले असेल, तर हाती अर्धवट कोड येतो. म्हणून आधी जागा काढून टाकाव्यात.

तारीख झालेला गट क्रमांक

आता पुन्हा मूळ दुखण्याकडे वळता येईल. गावाच्या यादीत ‘१४५/२’ आणि ‘३/५’ असे दोन गट क्रमांक टंकित केले. पहिला जसाच्या तसा राहतो, कारण १४५ ही कोणत्याही महिन्याची तारीख असू शकत नाही. दुसऱ्याची मात्र चालू वर्षातील ३ मे होते. एक्सेल तारखा १ जानेवारी १९०० या दिवसास १ मानून क्रमाने मोजते. ३ मे २०२५ चा क्रमांक ४५७८० आहे आणि सेलमध्ये प्रत्यक्षात साठविला जातो, तो हाच आकडा. त्यात ‘फाइंड’ने तिरपी रेघ शोधावयास गेले, की ती सापडत नाही, कारण ती आता तेथे नाहीच. पडद्यावर दिसणारी रेघ हा केवळ देखावा असतो. पाहणाऱ्याला सूत्र चुकले असे वाटते. प्रत्यक्षात नोंदच नाहीशी झालेली असते. लहान गट क्रमांक तेवढे बिघडतात आणि मोठे शाबूत राहतात, त्यामुळे दोष लवकर ध्यानात येत नाही.

या फेऱ्यात मोठमोठे शास्त्रज्ञही सापडले आहेत. मानवी जनुकांपैकी काहींची संक्षिप्त नावे ‘मार्च १’, ‘सेप्ट २’ अशी होती. शोधनिबंधांना जोडलेल्या तक्त्यांत त्यांच्या तारखा होऊ लागल्या. शेवटी जनुकांना नावे देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने २०२० साली त्या जनुकांची नावेच बदलली. असे आपोआप होणारे बदल थांबविण्याची सोय एक्सेलमध्ये २०२३ साली आली. गट क्रमांकांची नावे बदलणे अर्थातच शक्य नाही. म्हणून नोंदी टंकित करण्यापूर्वी त्या रकान्याचा प्रकार ‘टेक्स्ट’ असा ठरवून घ्यावा. तारीख झाल्यानंतर हा प्रकार बदलला, तर ३/५ परत येत नाही, ४५७८० दिसतो. मोठ्या खाते क्रमांकांनाही हेच लागू आहे. एक्सेल आकड्यातील पंधरा अंकच जपते, सोळाव्या अंकापासून शून्ये भरते. आरंभीची शून्ये तर कोणत्याही आकड्यात टिकत नाहीत.

जुळवून पाहणे

बाहेरून आलेल्या मजकुरात कधी कधी मोकळ्या जागेसारखे दिसणारे, परंतु निराळे चिन्ह असते. त्याचा संकेत क्रमांक १६० आहे आणि ‘ट्रिम’ त्याला हात लावत नाही. दिसावयास सारखी असणारी दोन नावे यंत्राला वेगळी वाटू लागली, की प्रथम याचा संशय घ्यावा आणि ‘सब्स्टिट्यूट’ने ते चिन्ह बदलून टाकावे.

विभागणी पुरी झाल्यावर मूळ रकाना पुसू नये. तोडलेले भाग त्याच विभाजक चिन्हाने पुन्हा जोडावेत. ‘टेक्स्टजॉइन’ हे सूत्र २०१९ च्या आवृत्तीपासून त्यासाठी उपलब्ध आहे; नसेल तेथे & या चिन्हाने जोडता येते. जोडलेली नोंद आणि मूळ नोंद यांची शेजारच्या रकान्यात तुलना केली, की प्रत्येक ओळीपुढे ‘ट्रू’ किंवा ‘फॉल्स’ असे उत्तर उमटते. हजार ओळींच्या यादीत ‘फॉल्स’ आलेल्या ओळी गाळणी लावून वेगळ्या कराव्यात आणि तेवढ्यांपुरते मूळ कागद दप्तरातून काढून पाहावेत. नोंद आरंभीच तारीख होऊन बसली असेल, तर ती या तुलनेत पकडली जाईलच असे नाही, कारण तेथे मूळच बिघडलेले असते. त्यासाठी ‘इझनंबर’ या सूत्राने मूळ रकाना तपासावा. जेथे मजकूर असावयास हवा, तेथे त्याने ‘ट्रू’ म्हटले, की ती ओळ उताऱ्याशी ताडून पाहावी.